आधी पोट, मग पाठ
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आळवी नगरातील गरीब शेतकऱ्याची कथा आपण ऐकली असेल. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून सभेत पोहोचेपर्यंत त्याचे पोट पाठीला लागले होते. तथागतांनी आधी त्याला जेवू घालविले, मग धम्म सांगितला. उपाशी माणसाच्या कानात उपदेश शिरत नाही. ही साधी गोष्ट आपल्या शाळांना कळायला मात्र फार काळ लागला.

त्या वेळच्या मद्रास राज्यात मुख्यमंत्री कामराज यांनी १९५० च्या दशकात शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते काम पुष्कळ वाढविले. केंद्र सरकारची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण बहुतेक राज्यांत मुलाच्या हाती महिन्याला तीन किलो कोरडे धान्य पडे, तेही ८० टक्के हजेरी असेल तर. ते धान्य साऱ्या घराच्या चुलीवर शिजे. मुलाच्या वाट्याला किती येई, हे सांगायला नको. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवणच द्या, असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. माता-भगिनींनो, हे आकडे पाठ करा. ही भीक नव्हे.

परंतु माझा मुद्दा ताटापुरता नाही, पंगतीचा आहे. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसत. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच. अशा देशात सर्व जातींची मुले एकाच पातेल्यातली खिचडी खातात, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असे सांगितले.

तरीही काय घडते? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका दलित भगिनीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. मुलांनी की त्यांच्या घरच्यांनी, हे आपण ओळखा. त्या भगिनीला कामावरून काढले आणि बभ्रा झाल्यावर परत घेतले. म्हणजे कायदा पातेल्यापर्यंत पोहोचला, मनापर्यंत पोहोचायचा आहे.

तेव्हा नुसत्या टाळ्या नकोत. प्रत्येक सभासदाने आपल्या गावच्या, वस्तीच्या शाळा व्यवस्थापन समितीत जावे. महिन्यातून एकदा जेवणाच्या वेळी शाळेत उभे राहावे. वरणात डाळ किती, हे पाहावे. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घेतली का, हे विचारावे. तसा नियम आहे. जेवण मिळाले नाही तर २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलांना अन्नसुरक्षा भत्ता मिळाला पाहिजे, तो मागावा. आणि पंगत एकच आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे काम सोपे आहे. कोणी बाजूला एकटा बसलेला दिसला, तर आपले ताट उचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.

जयभीम!