बोटीखालच्या फळ्या
(रेडिओवरील भाषण)



अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गाड्यांच्या नंबर प्लेटवर ‘१०,००० तळी’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा खरं तर कमीच सांगितलेला आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. राज्यात नोंदवलेल्या बोटीही आठ लाखांच्या घरात आहेत. पण हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि बर्फ वितळायला बहुतेक ठिकाणी एप्रिल उजाडतो. तोवर बोट घराच्या अंगणात, ट्रेलरवर. उन्हाळ्यातही ती शनिवार-रविवारी पाण्यात जाते आणि बाकीचे दिवस पुन्हा ट्रेलरवरच असते. म्हणजे बोटीचं बहुतेक आयुष्य दोन किंवा चार लांब फळ्यांवर टेकून जातं. या फळ्यांना तिथे बंक म्हणतात. आज मी बोलणार आहे ते या बंकबद्दल, त्यावरच्या आवरणाबद्दल आणि ट्रेलरच्या दिव्यांबद्दल.

ट्रेलर ही रस्त्यावरची गाडी. पण तिचं काम असं, की दर खेपेला तिला चाकं बुडेपर्यंत पाण्यात उतरावं लागतं. पाणी फळीत शिरणार, दिव्यात शिरणार, तारांच्या जोडात शिरणार. ते अडवायला निघालेला माणूस बहुधा हरतो. शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट ठेवणारा जिंकतो. एवढं धरून ठेवलं, की दुकानातलं कोणतं सामान घ्यावं आणि कोणतं सोडावं हे आपोआप कळत जातं.

आधी लाकूड पाहू. दुकानात ‘दोन बाय चार’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते. वाळवून, रंधा मारून उरलेलं माप ते. म्हणून जुनी फळी बदलायची तर टेपनं मोजून घ्यावी, नावावर जाऊ नये. लांबी तर फार महत्त्वाची. बोटीच्या मागच्या टोकाला इंजिन टांगलेलं असतं, सगळ्यांत जड भाग तोच. फळी तिथपर्यंत पोचली नाही, तर अधांतरी राहिलेला तळ महिनोन्‌महिने खाली वाकत राहतो आणि त्याला कायमचा बाक येतो. मग तीच बोट पाण्यात वेग घेताना नाक खाली दाबू लागते. मालक बिचारा इंजिनाला दोष देत बसतो.

लाकूड कुजू नये म्हणून त्यात औषध मुरवतात, आणि इथे एक मेख आहे. अमेरिकेत २००३ सालापर्यंत क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवलेलं लाकूड घरगुती कामाला सर्रास वापरत. आर्सेनिकच्या भीतीनं ते त्या वर्षाअखेरीस बहुतेक घरगुती वापरातून मागे घेतलं गेलं. त्याच्या जागी आलेल्या औषधांत आर्सेनिक नाही, पण तांब्याचं प्रमाण जास्त आहे. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आली की ॲल्युमिनियम झिजतं. तिथल्या मासेमारीच्या छोट्या बोटी पुष्कळदा ॲल्युमिनियमच्याच असतात. औषधी फळी, तिच्यावर ओलं कार्पेट आणि त्यावर ॲल्युमिनियमचा तळ, असं हिवाळाभर राहिलं तर पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडू शकतात. तेव्हा ॲल्युमिनियमच्या बोटीखाली साधी, औषध न मुरवलेली सीडर किंवा फरची फळी घ्यावी. ती काही वर्षांनी बदलावी लागेल. पण फळी बदलणं स्वस्त, तळ बदलणं महाग. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकांतून. म्हणून दोन्ही टोकं आणि बोल्टसाठी पाडलेली भोकं आधी रंगानं किंवा वॉर्निशनं नीट बंद करावीत. बोल्टचं गोल डोकंही फळीच्या पृष्ठभागाच्या खाली बसलं पाहिजे, नाहीतर आवरण झिजल्यावर तेच तळाला ओरखडे काढतं.

आता आवरण. सगळ्यांत रुळलेलं म्हणजे कार्पेट. ते पॉलिप्रॉपिलीनचं घ्यावं, कारण तो धागा स्वतः पाणी शोषत नाही. ते ठोकायला स्टेनलेस स्टीलच्याच स्टेपल पिना हव्यात. साध्या पिना दोन उन्हाळ्यांत गंजतात आणि कार्पेट लोंबू लागतं. फळी चारी बाजूंनी घट्ट गुंडाळायचा मोह होतो, दिसायलाही ते नेटकं दिसतं. पण खालच्या बाजूनं मधली एक पट्टी उघडी ठेवावी. पाणी तिथून ठिबकतं आणि लाकडाला वारा लागतो. कार्पेट मऊ असतं, आवाज करत नाही, बोट त्यावर घट्ट बसते. त्याचा दोष एवढाच, की ते वाळू धरून ठेवतं आणि कित्येक दिवस ओलं राहतं. अडकलेल्या वाळूवर फायबरग्लासची बोट वर्षानुवर्षं घासली, की तिच्या वरच्या चकचकीत थराची चमक जाते.

दुसरा पर्याय प्लॅस्टिकच्या, पॉलिथिलीनच्या पट्ट्यांचा. त्या फळीवर टोपीसारख्या बसतात किंवा स्क्रूनं जोडतात. त्या झटकन वाळतात, वाळू धरत नाहीत आणि जड बोटही त्यांवरून सहज सरकते. पण बसवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. प्लॅस्टिक उन्हाळ्यात वाढतं, थंडीत आकसतं. मिनेसोटात थंडीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो आणि उन्हाळ्यात पस्तिशीला टेकतो. एवढ्या फरकानं अडीच मीटर लांबीची पट्टी दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब-आखूड होते. म्हणून स्क्रूची भोकं गोल न पाडता लांबट पाडायची आणि स्क्रू करकचून आवळायचे नाहीत. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. कार्पेटवरची बोट, तिला ओढून धरणाऱ्या विंचचा पट्टा सोडला तरी, सहसा जागची हलत नाही. प्लॅस्टिकवरची बोट हलते. तळ्यात जाणाऱ्या उताराच्या माथ्यावर सवयीनं पट्टा सोडला, तर ती पाण्याआधी काँक्रीटवर पोचते. तिथे पट्टा सोडायचा तो मागचा भाग पाण्यावर तरंगायला लागल्यावरच.

कार्पेट की प्लॅस्टिक, हा प्रश्न मिनेसोटात बोटीच्या मालकापुरता राहत नाही. १९८८ साली अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला सापडला. मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या भागातला हा जीव मालवाहू जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून आला. पुढच्याच वर्षी तो मिनेसोटाच्या डलूथ बंदरात दिसला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याच्या थेंबाबरोबर प्रवास करतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात त्यांना नेणारं सोयीचं वाहन म्हणजे आपला ट्रेलर. म्हणून तळ्यावरून निघताना बोटीवरचं आणि ट्रेलरवरचं गवत काढणं, पाणी सोडून देणं आणि बोटीचं बूच उघडं ठेवूनच रस्त्याला लागणं तिथे कायद्यानं सक्तीचं आहे. दुसऱ्या तळ्यात उतरण्याआधी बोट निदान पाच दिवस वाळू द्यावी, असाही सल्ला देतात. ओलं कार्पेट आणि त्यात अडकलेला शेवाळाचा धागा इथे नुसता मालकाचा त्रास राहत नाही, अख्ख्या तळ्याला तो भोवतो. त्यामुळे दर आठवड्याला नवं तळं धुंडाळणाऱ्यानं प्लॅस्टिककडे वळावं. एकाच तळ्यावर जाणाऱ्याला कार्पेट पुरेसं आहे.

आता दिवे. मिनेसोटाचा राज्यमासा वॉलाय. त्याच्या डोळ्यांची ठेवण अशी, की अंधुक प्रकाशात त्याला चांगलं दिसतं आणि तो खायला बाहेर पडतो तेव्हाच. मे महिन्यात त्याचा हंगाम उघडतो तोही शनिवार लागताच, मध्यरात्रीच्या ठोक्याला. म्हणजे हौशी माणूस बोट उतरवणार ती काळोखात. जुन्या ट्रेलरवर साधे बल्ब असत. लांबच्या प्रवासात ब्रेक दाबून तापलेली काच थंड पाण्यात बुडाली की तडकायची, म्हणून पाण्यात जाण्याआधी गाडीशी जोडलेला प्लग काढायची रीत पडली. आताचे एलईडी दिवे पूर्ण सीलबंद मिळतात, त्यामुळे ही तक्रार बरीच संपली आहे. तक्रार उरली ती तारांची.

ट्रेलरला साधारण चार तारा येतात. तपकिरी तार मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडच्या इशाऱ्याची आणि ब्रेकची, हिरवी उजवीकडची, आणि पांढरी अर्थची. पुष्कळ ट्रेलरवर पांढरी तार पुढेच सांगाड्याला जोडून सोडतात आणि दिव्यांना अर्थ मिळतो तो सांगाड्याच्या लोखंडातून. लोखंड गंजलं की एक दिवा मंद, दुसरा लुकलुकता. यावर उपाय म्हणजे प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी तार न्यायची, आणि जोड उष्णतेनं आवळणाऱ्या, आतून गोंद असलेल्या नळीत बंद करायचे. पाण्याला वाट द्या असं मी म्हणालो, त्याला हा जोड अपवाद.

८० इंच किंवा त्याहून रुंद ट्रेलरला अमेरिकेच्या नियमानुसार रुंदी दाखवणारे दिवे आणि मागे मधोमध तीन लाल दिवे लागतात. बोटीच्या ट्रेलरला यात सवलत आहे. रुंदी दाखवायला दोन्ही बाजूंना मध्याच्या आसपास एकेक दिवा, पुढून पिवळसर आणि मागून लाल दिसणारा, बसवला तरी चालतो. त्याखेरीज मागच्या कोपऱ्यांवर उभे दांडे लावून त्यांच्या टोकाला दिवे बसवतात. ट्रेलर बुडाला तरी ते पाण्याच्या वर राहतात, आणि आरशात पाहून गाडी मागे घेणाऱ्याला दोन कडा कळतात. फळ्यांच्या आतल्या कडेला एलईडीची पट्टीही चिकटवता येते, म्हणजे अंधारात बोट नेमकी कुठे चढवायची ते दिसतं. तिला वेगळं बटण हवं. रस्त्यावर ती बंद असली पाहिजे, नाहीतर मागच्या चालकाच्या डोळ्यांवर उजेड पडतो.

शेवटी खर्चाचा क्रम. पैसे मोजकेच असतील तर आधी अर्थची तार आणि मागचे दिवे दुरुस्त करावेत, कारण त्यांत दुसऱ्यांचाही जीव अडकलेला असतो. मग फळ्या तपासाव्यात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात सहज रुतलं तर ती फळी या हिवाळ्याचं ओझं पेलणार नाही, ती आधी बदलावी. आवरण त्यानंतर, कारण कुजक्या फळीवर नवं कार्पेट ठोकणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि एलईडीची पट्टी सगळ्यांत शेवटी, हौस आणि पैसे दोन्ही उरले तर.