सोऱ्यातली शेव आणि आपला कापूस
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मुंबईला गेलो की आम्ही परळ-लालबागला चक्कर टाकतोच. वऱ्हाड-खानदेशच्या गाठी शंभर वर्षांवर इथल्या गिरण्यांत गेल्या. आता तिथे काचेचे मनोरे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या धड उभ्या राहिल्याच नाहीत. त्याच साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धागा निघू लागला. एकामुळे दुसरं झालं असं आम्ही म्हणत नाही. पण आपल्या कापसाची झुंज कुणाशी आहे ते बघावं, म्हणून या खेपेला परळमधल्या एका प्लास्टिकच्या गाळ्यात शिरलो.

पोत्यात पांढरे दाणे, थेट ज्वारीसारखे. ते तापलेल्या नळकांड्यात पडतात, आतला स्क्रू फिरतो, दाण्यांचा लगदा होतो. तो बंद साच्यात दाबून भरला की बादली. लगद्याची गरम नळी साच्यात धरून हवा फुंकली की फवारणीच्या औषधाचा डबा. आणि तोंडाला भोकाची चकती लावून सारखा ढकलत राहिलं की पाइप, ठिबकची नळी. दिवाळीला घरोघरी सोऱ्यातून शेव पाडतात, तीच तऱ्हा.

पॉलिएस्टरचा धागा ही अशीच शेव. खनिज तेलापासून केलेला हा माल २६० अंशांच्या आसपास वितळतो. बारीक भोकांतून धारा पाडतात, वाऱ्यावर थंड करतात, मग ताणतात. ताणल्यानेच त्याला बळ येतं. कापसात मिसळायचा असला तर कापसाच्या तंतूएवढे तुकडे कापतात. नक्कल कुणाची, ते आलं ध्यानात? तेच आपलं टेरिकॉट. पाण्याची बाटलीही याच मालाची.

त्याला पावसाचा खंड नाही, बोंडअळी नाही. आज जगातल्या एकूण धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे आणि कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

तेलाचा भाव आपल्या हाती नाही. पण एक प्लास्टिक आपणच कापसात घालतो. युरियाचं पोतं कसं होतं? प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिरून पट्ट्या काढतात, ताणतात आणि विणतात. पोतं जुनं झालं की पट्टीचे तंतू सुटतात. वेचणीला तेच पोतं नेलं की ते कापसात शिरतात. जिनिंगमध्ये त्यांचे बारीक तुकडे होतात आणि कुणाला दिसत नाहीत. पुढे कापड रंगवलं की तंतू रंग घेत नाही, ठिपका उघडा पडतो. मग गिरणीवाला पुढच्या गाठींचा भाव पाडतो, आणि ती तूट शेवटी आपल्या पट्टीत उतरते.

तेव्हा यंदा वेचणीची झोळी जुन्या सुती लुगड्याची करा. गाडीवर झाकायला सुती चादर, तोंड बांधायला सुताचीच दोरी. बायांनी डोक्याला फडकं बांधावं, केसांचाही तोच त्रास होतो. याला खर्च आहे, तो भावात मिळाला पाहिजे. त्यासाठी जिनिंगवाल्यांशी बोलायला जायचं आहे. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी आज जाण्यापूर्वी नावं द्यावीत.