लाल पाकीट

‘पोराचं लग्न कधी?’ हा प्रश्न सातासमुद्रापारही पाठ सोडत नाही. आंग ली यांचा १९९३ सालचा ‘द वेडिंग बँक्वेट’ हा सिनेमा नेमका त्यावरच बेतलाय.

न्यूयॉर्कमधला तैवानी वाय-तुंग आपल्या अमेरिकन जोडीदारासोबत, सायमनसोबत, सुखात राहतोय. तैवानमधल्या आईवडिलांना याचा पत्ताच नाही. त्यांना सून हवी, नातू हवा. मग भाडेकरू चित्रकार वेई-वेईशी नावापुरतं लग्न ठरतं. तिला ग्रीन कार्ड, त्याला सुटका. पण आईवडीलच येऊन थडकतात आणि कचेरीतल्या दोन सह्यांची होते जंगी मेजवानी!

हसून मुरकुंडी वळते, हे खरं. माझ्या मनात मात्र घर करून राहिलाय तो शेवटाकडचा प्रसंग. निवृत्त सेनाधिकारी वडील सायमनच्या हातात वाढदिवसाचं लाल पाकीट ठेवतात. चिनी घरांत थोरामोठ्यांनी लहानांना द्यायची ही भेट. इंग्रजी कळत नाही असं भासवणाऱ्या या म्हाताऱ्यानं सगळं केव्हाच ओळखलेलं असतं. पण बायकोला आणि मुलाला हे सांगायचं नाही, अशी त्याची अट.

बर्लिन महोत्सवातलं ‘सुवर्ण अस्वल’ त्या वर्षी या सिनेमाला आणखी एका चिनी चित्रपटासह विभागून मिळालं.