शेतातील खुणा नकाशावर उतरवा

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या घरची पाइपलाइन वडिलांनी स्वतः उभे राहून पुरून घेतली होती. कॉक कुठे, टी कुठे, जोड कुठे, हे सारे त्यांच्या डोक्यात होते. ते गेले त्यानंतरच्या रब्बीत मधल्या पट्ट्यात पाणी येईना. कॉक शोधण्यासाठी आम्ही तीन दिवस खड्डे घेतले. चौथ्या दिवशी जेसीबीच्या दातानेच पाइप फुटला. गहू फुलोऱ्यात होता आणि नेमके तेच पाणी चुकले. मी कृषी पदवीधर. पण वडिलांना बरोबर घेऊन एकदा शेतात फिरावे आणि खुणा टिपाव्यात, हे मला सुचले नाही.

आज हे काम मोबाइलवर करता येते. ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमअँड अशी नकाशाची ॲप आहेत. गावात नेटवर्क असताना आपल्या भागाचा नकाशा एकदा उतरवून घ्यावा. पुढे शिवारात नेटवर्क नसले तरी अडत नाही, कारण मोबाइलला जागा उपग्रहांच्या संकेतांवरून कळते. या नकाशात रस्ते व ओढे असतात, तुमचा कॉक नसतो. तो तुम्हीच नोंदवायचा.

त्यासाठी कॉकवर उभे राहावे. आपली जागा दाखवणारा ठिपका स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे. मग नकाशावर त्या जागी बोट दाबून धरावे, ठिकाण जतन करावे व त्यास नाव द्यावे. नुसते 'कॉक' असे लिहू नये. 'मधल्या पट्ट्याचा कॉक, आंब्यापासून पूर्वेस १२ पावले, अडीच फूट खोल' असे लिहावे. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलची जागा साधारण ५ मीटर इकडेतिकडे होते, झाडाखाली अधिक. ठिपका जवळ नेईल, पावले नेमके ठिकाण दाखवतील.

कॉकप्रमाणेच एअर व्हॉल्व्ह, बुजवलेली विहीर व जुने बोअर यांचीही नोंद करावी. पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी ज्या कडुलिंब-बाभळींवर जमतात, ती झाडेही नोंदवावीत. पुढच्या वर्षी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करताना शोधाशोध करावी लागणार नाही.

एक इशारा मात्र देतो. या ठिपक्यांवरून बांधाचा वाद घालू नये. १०० मीटर लांबीच्या बांधावर ५ मीटरची चूक झाली, तर ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५ गुंठ्यांचा फरक पडतो! हद्दीसाठी भूमि अभिलेख खात्याची मोजणीच हवी.

मोबाइल हरवतो, बिघडतो. म्हणून सर्व नोंदी जीपीएक्स फाइल करून घरातील दुसऱ्या मोबाइलवर पाठवाव्यात. शिवाय प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवावेत. दशांश चिन्हापुढे पाच आकडे पुरेत; पाचवा आकडा सुमारे एक मीटरचा असतो.

मित्रांनो, हे काम तासा-दोन तासांचे आहे. पण ज्यांनी पाइप पुरला, त्यांना बरोबर घेऊनच ते करता येते. आज घरी गेल्यावर वडिलांना, चुलत्यांना किंवा जुन्या सालगड्याला विचारा, "उद्या सकाळी जरा शेतात येता का?" मला ते विचारायचे राहून गेले. तुमचे राहू नये, एवढेच सांगून मी थांबतो.