यंदाचा ट्रेक सीझन: पावसाला नऊ, मला पाच

२०२५ चा पावसाळी सीझन संपला, तर आज हिशोब मांडूया.

पाऊस मुंबईत २६ मेलाच पोचला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. मी जाम खूश. आकुर्डीहून सकाळची लोकल, मळवलीला उतरायचं, भाज्यातून चालत लोहगड. ११ जुलैला तो युनेस्कोच्या यादीत गेला, बारा किल्ल्यांमध्ये. नंतर गेलो तर विंचूकाट्यावर सेल्फीला ही रांग! असो.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. ८ जूनला आम्ही कुंडमळ्याला गेलो होतो. धोक्याचा बोर्ड वाचला, खोटं कशाला बोलू, आणि तरी त्या जुन्या लोखंडी पुलावर मधोमध उभं राहून फोटो काढले. पुढच्याच रविवारी, १५ जूनला, तो पूल इंद्रायणीत कोसळला. चार जण गेले. माझा फोटो फॅमिली ग्रुपवर होता. आई काही बोलली नाही. फक्त तेव्हापासून दर रविवारी फोन, "पोचलास का रे?"

म्हणून पावसाला दहापैकी नऊ, मला पाच. तेही जुलैपासून बोर्ड दिसला की मागे फिरलो म्हणून.

डिसेंबरात राजगड. कोण कोण येतंय?