दारातल्या पायऱ्या

पहिल्याच पावसाळ्यात दारातल्या पायऱ्या जोत्यापासून सुटल्या, की बोल लागतो सिमेंटला. खरी गोची बहुतेकदा खालच्या भरावात असते. मुरूम एकदम ओतू नका. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस, आणि मगच पुढचा थर. काँक्रीट एकास दीडास तीन. माल सहज पसरावा म्हणून गवंडी जास्तीचं पाणी ओततो, तिथे त्याला खुशाल अडवा. पायरी 15 सेंटिमीटर उंच, 30 रुंद, आणि सगळ्या सारख्या. बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर पाणी उंबऱ्याकडे येतं. गुळगुळीत फरशी नकोच! काँक्रीट ओलं असतानाच खराटा ओढला, की पाय घसरत नाही. पुढचे 10 दिवस वर गोणपाट, दुपारच्या उन्हातही ओलंच.