शिधापत्रिकेचा रंग आणि रुग्णालयाची खाट

(वसई येथे नागरिक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



महाराष्ट्रातील एखादे कुटुंब गरीब की सुस्थितीतील, हे ठरविण्याचे शासनाचे सर्वांत परिचित माप म्हणजे शिधापत्रिकेचा रंग. 1999 च्या मे महिन्यात ही तिरंगी व्यवस्था अमलात आली. वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांच्या आत असेल तर पिवळी, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरी. पिवळ्या पत्रिकेच्या निकषांत एक अट अशी होती की, घरी दूरध्वनी नसावा. आज ती अट वाचताना हसू येते. पण त्या काळी दूरध्वनी ही खरोखरच सुस्थितीची खूण होती. निकष कालबाह्य होतो तो असा. माणसाचे जगणे पुढे जाते आणि कागदावरचा आकडा जेथल्या तेथे राहतो.

एक लाख रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला 8,333 रुपये. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातील कारखान्यांच्या गाळ्यांत पती राबतो आणि पत्नी घरी बसून काही जोडकाम करते, अशा कुटुंबाची मिळकत ही मर्यादा केव्हाच ओलांडून जाते. म्हणून ते कुटुंब श्रीमंत झाले काय? नालासोपाऱ्यातील एका खोलीचे भाडे, मुलांच्या शाळेचा खर्च आणि लोकलचा पास एवढे भागवून त्याच्या हाती काय उरते, हे या सभागृहातील कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही शासनाच्या कागदावर ते 'पांढरे' कुटुंब ठरते.

या रंगावर पुढे केवळ धान्यच नव्हे, तर औषधोपचारही अवलंबून राहिले. 2 जुलै 2012 रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा ती पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांपुरती होती. त्यांत मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे होते, ठाणे मात्र नव्हता. आणि वसई तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होता. दहिसरचा नाका ओलांडला की योजना संपत असे. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये ती सर्व राज्यभर लागू झाली. पिवळी आणि केशरी पत्रिका असणाऱ्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत विनामूल्य मिळू लागले. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. 2018 च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, तिचे संरक्षण पाच लाखांचे. परंतु लाभार्थी निवडले गेले ते 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीतून. ज्या शहराची वस्ती दर दोन वर्षांनी नव्या चाळी आणि नव्या इमारतींनी वाढते, तेथे सात वर्षांपूर्वीच्या यादीत नाव शोधणे म्हणजे गतवर्षीच्या पंचांगात यंदाची तिथी शोधण्यासारखे होते. शिवाय येथील पुष्कळांची शिधापत्रिका कोकणातील वा उत्तरेकडील मूळ गावी. राहणे एका ठिकाणी आणि गरिबीचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी!

मग उत्पन्नाची चाचणीच चुकीची म्हणायची काय? नाही. तसे म्हणणे सोपे असले तरी प्रामाणिक ठरणार नाही. शासनाची तिजोरी अक्षय्य नसते. जो सर्वांत मागे आहे त्याच्यापर्यंत प्रथम पोहोचावे, हा पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेला अंत्योदयाचा विचार. आणि शेवटचा माणूस कोण हे ओळखायचे तर काही मोजमाप हवेच. अटलजींच्या शासनाने 25 डिसेंबर 2000 रोजी अंत्योदय अन्न योजना सुरू केली, तीही गरिबांतील अतिगरीब निवडूनच. 2015 मध्ये स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन झाले आणि वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. मध्यमवर्गाला नुसते लाभाचे लोभी समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्यानंतर वार्षिक दहा लाखांवर करपात्र उत्पन्न असणाऱ्यांचे अनुदान शासनाने स्वतःच बंद केले आणि त्याबद्दल कोणी गळा काढला नाही.

रोख रकमेच्या वाटपात तर चाचणी अटळच आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा पहिल्यापासून होती. पण वाटप आधी झाले आणि छाननी मागाहून. 2025 च्या जुलैमध्ये सुमारे 26 लाख लाभार्थींचे हप्ते थांबविल्याचे शासनाने सांगितले, आणि लाभ घेणाऱ्यांत हजारो पुरुषही निघाले. आपलीच माणसे सत्तेवर असली तरी या क्रमाला योग्य म्हणता येणार नाही. चाळण लावायची असेल तर ती धान्य पोत्यात भरण्यापूर्वी लावावी.

परंतु रोख रक्कम आणि आजार यांत एक मूलभूत भेद आहे. उत्पन्नाचा दाखला हा सरलेल्या वर्षाचा असतो. आजार या महिन्याचा असतो. महिना पंचवीस हजार मिळविणारा एखादा गृहस्थ घ्या. मार्चमध्ये तो कोणत्याही निकषाने गरीब नाही. जूनमध्ये त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस, त्या दिवशीची रजा, सोबतीला येणाऱ्या मुलाचीही रजा, येण्याजाण्याचा खर्च, औषधे. दिवाळीपर्यंत नोकरी गेलेली असते आणि पत्नीचे दागिने सोनाराकडे पोहोचलेले असतात. आता तो दाखल्यास खरोखर पात्र झाला; पण तलाठी, तहसील कार्यालय आणि सेतू केंद्र यांच्या खेपा घालण्याची शक्ती त्याच्यात उरलेली नाही. म्हणजे आधी दरिद्री व्हा, मग या, असे ही व्यवस्था त्याला सांगते. आजारपण माणसाचा आर्थिक वर्गच बदलून टाकते, आणि ते निकषाच्या हिशेबात येत नाही. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले होते. ऐपतीचा प्रश्न उपचारांनंतरचा, आधीचा नव्हे.

आणि साथीच्या रोगांत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. पोलिओचे थेंब पाजताना कोणत्याही बाळाच्या वडिलांकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही. 2011 च्या जानेवारीनंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि 2014 मध्ये तसे प्रमाणपत्रही मिळाले. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात, पूर्वी 500 आणि 2024 च्या नोव्हेंबरपासून 1,000. त्यासाठी निकष एकच, तो म्हणजे रोग. कारण विरार लोकलच्या डब्यात खोकणाऱ्याशेजारी जो उभा असतो, त्याची शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे हे जंतूला ठाऊक नसते. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उद्भवला, तेव्हा परक्या शासनालाही हे उमगले आणि दोन वर्षांत शहर सुधारणेचा विश्वस्त मंडळ स्थापून रस्ते व वस्त्या यांत हात घालावा लागला.

हाच धडा करोनाने पुन्हा दिला. 2020 च्या मे महिन्यात राज्य शासनाने फुले योजना पांढऱ्या पत्रिकाधारकांसह सर्वांना तात्पुरती खुली केली. 2023 मध्ये ती कायमची सर्वांसाठी करण्याचा निर्णय झाला. संरक्षण पाच लाखांचे, उपचार 1,356. आणि 1 जुलै 2024 पासून अंमलबजावणी. त्याआधी 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले होते. केंद्रानेही 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत घेतले. ज्या रंगाने पंचवीस वर्षे दार उघडले वा बंद केले, तो रुग्णालयाच्या दारापुरता पुसला गेला. ही लहान गोष्ट नव्हे.

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. पात्रता सर्वांना मिळाली. खाट कोठे आहे?

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतीची गावे मिळून 3 जुलै 2009 रोजी महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12,22,390 होती. त्यानंतर किती वाढली, हे सकाळी सातच्या सुमारास नालासोपारा स्थानकाच्या पुलावर उभे राहणाऱ्याला आकड्यावाचून कळते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांचे नाव धारण करणारे वसईचे रुग्णालय आणि नालासोपारा पूर्वेचे तुळींजचे रुग्णालय, ही येथील सार्वजनिक उपचारांची मुख्य ठिकाणे. प्रकरण गुंतागुंतीचे झाले की नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी पडते, आणि मग रुग्णवाहिका वरसोव्याच्या खाडीपुलाकडे, तेथून कांदिवली, मुंबई सेंट्रल किंवा परळ. जिल्ह्याच्या जव्हार-मोखाड्याकडील भागातून नाशिक वा सिल्वासा. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी देश हादरला; 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर स्वतंत्र जिल्हाही झाला; तरी रुग्णाची वाट अजून जिल्ह्याबाहेरच जाते.

ज्या गावात खाट नाही तेथे पाच लाखांचे कार्ड म्हणजे न वटणारी हुंडी. उत्पन्नाची चाचणी कागदावरून गेली, पण ती रांगेच्या रूपाने परत आली. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो रांग सोडून खासगी रुग्णालयात जातो. नाहीत तो थांबतो. ही चाचणी कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेली नसते, म्हणून तिच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. शिवाय विम्याची योजना प्रामुख्याने दाखल होणाऱ्या रुग्णासाठी असते. ताप, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्ताची तपासणी, ज्यांवर सामान्य घराचा पैसा महिन्यामागून महिना झिरपत जातो, ते तिच्या बाहेर राहते. त्यासाठी वस्तीतला दवाखाना हवा. 2023 मध्ये राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू झाला त्यामागे हेच कारण होते. तेथे डॉक्टर नियमित बसतो की नाही, हे मात्र मंत्रालयातून दिसत नाही. तेथील रहिवाशालाच ते दिसते.

पैसे देणाऱ्याला शासनाची गरज नाही, हाही एक भ्रम आहे. 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 13 करोनाग्रस्तांनी प्राण गमावले. ती खाट त्यांना विनामूल्य मिळालेली नव्हती. अग्निसुरक्षेची तपासणी, शुश्रूषागृहांची नोंदणी, दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची सक्ती, बोगस डॉक्टरांना आवर घालणे ही कामे कोणताही धनवान रुग्ण स्वतःच्या पैशाने विकत घेऊ शकत नाही. पाण्याचेही तसेच. सूर्या प्रादेशिक योजनेच्या दररोजच्या 403 दशलक्ष लिटरपैकी 185 वसई-विरारचे. हे धरण मूळचे डहाणू-पालघरच्या शेतीसाठी, याचा विसर शहराने पडू देऊ नये. पण जोवर नळाला पाणी नव्हते तोवर टँकरचे पाणी इमारतवाल्यांनी आणि चाळवाल्यांनी दोघांनीही प्यायले. 2018 च्या जुलैत कित्येक दिवस पाणी तुंबले, तेव्हा त्यातून बंगलेवाल्याचे पायही कोरडे राहिले नव्हते, आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोका त्या प्रत्येक पावलाला होता.

धनिकांनाही मोफत का, असा आक्षेप येथे येतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, श्रीमंताकडून घ्यायचे ते कराच्या रूपाने घ्यावे. खाटेजवळ उभे राहून नव्हे. आणि सुशिक्षित, बोलता येणारा माणूस सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत उभा राहिला, तर तेथील बंद पडलेल्या क्ष-किरण यंत्राची तक्रार वरपर्यंत जाते. केवळ गरिबांसाठी राखलेली सेवा हळूहळू गरीबच होत जाते.

उत्पन्नाची चाचणी जेथे अद्याप शिल्लक आहे, तेथे ती प्रामाणिकपणे राबवली जावी. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. 2006 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत जाते. निर्धनासाठी 1,80,000 आणि दुर्बलासाठी 3,60,000 ही वार्षिक मर्यादा. म्हणजे वालीवच्या गाळ्यातील ते पांढऱ्या पत्रिकेचे कुटुंब येथे बहुधा पात्र ठरते. त्याला ते ठाऊकच नसते. खिडकीवरचा लिपिक आपणहून सांगत नाही. रुग्णासोबत जाणारा एखादा जाणता कार्यकर्ता हे सांगू शकतो, दाखला आधीच काढून ठेवायला लावू शकतो, आरोग्यमित्र कोठे बसतो ते दाखवू शकतो. एवढ्याने एखाद्या घराचे दागिने वाचतात.

मात्र कार्यकर्त्याने शासनाची जागा घ्यायची नसते. शासनाला त्याच्या जागी बसवायचे असते. 2020 च्या जूनमध्ये मुदत संपल्यानंतर या महापालिकेचा कारभार अनेक वर्षे प्रशासकाच्या हाती होता. प्रश्न विचारायचा तरी कोणाला, अशी सबब त्या काळात चालून गेली. महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो आणि तो कोणीही मागवून वाचू शकतो. त्यात आरोग्यासाठी किती तरतूद झाली, त्यातली किती खर्ची पडली, मंजूर पदांपैकी डॉक्टरांची व परिचारिकांची किती रिक्त आहेत, आणि रात्री दोन वाजता सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ कोठून येतो, हे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे.